मेणातली अमानत

डॉ. विमल इंगोले यांना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा माझ्या अब्बांच्या हातात स्टीलचा एक डबा होता, आणि त्या डब्यात माझ्या अम्मीचा ऑपरेशन करून काढलेला स्तन होता. गौरवलेखाची सुरुवात अशी करू नये हे मला समजते. संपादक मंडळातल्या एका सद्गृहस्थांनी तर फोन करून सुचवलेही, की अमृतमहोत्सव आहे, जरा प्रसन्न लिहा. पण मॅडमचा आणि माझा संबंध त्या डब्यापासूनच सुरू होतो. शिवाय गुळगुळीत करून सांगितलेले मॅडमना अजिबात खपत नाही, हे त्यांच्याजवळ एक दिवस काम केलेल्या माणसालाही ठाऊक आहे. तेव्हा संपादकांनी राग मानू नये.

आम्ही अनसिंगचे. अब्बा बायकांचे कपडे शिवतात, गावात त्यांना सगळे मास्टर म्हणतात. अम्मीच्या छातीतल्या गाठीचे ऑपरेशन वाशीमच्या एका दवाखान्यात झाले. सर्जननी काढलेला भाग फॉर्मलिन भरलेल्या बरणीत घालून अब्बांकडे दिला आणि तपासणीसाठी इंगोले मॅडमच्या लॅबमध्ये नेऊन द्यायला सांगितले. संध्याकाळ झाली होती. मॅडम कामासाठी कारंज्याला गेल्या होत्या आणि लॅबला कुलूप होते. मी अम्मीजवळ दवाखान्यात थांबले आणि अब्बा बरणी घेऊन घरी गेले.

फॉर्मलिनचा वास डोळ्यांतून पाणी काढतो. अब्बांना तो सहन होईना. अम्मी रोज स्वयंपाक आटोपला की हातपाय धुऊन मनगटाला अत्तराचे बोट लावायची. तिच्या अंगाचा भाग असल्या पाण्यात ठेवायचा हेच त्यांना पटेना. आमच्यात शरीरापासून वेगळा झालेला भागही इज्जतीने मातीला द्यायचा असतो. अब्बांनी ते पाणी ओतून दिले, तो भाग स्वच्छ धुतला, दुकानातल्या कोऱ्या पांढऱ्या कापडाचा तुकडा फाडून त्यात गुंडाळला, नव्या डब्यात ठेवला आणि वरून गुलाबजल शिंपडले. त्यांच्या परीने त्यांनी बायकोची अब्रू राखली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी झाकण उघडले आणि लॅबभर गुलाबाचा वास पसरला. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. मॅडमचा चेहरा बघून काहीतरी मोठे बिघडले आहे एवढे मला कळले.

"मास्टर, हे कोनं धुतलं?" मॅडमनी विचारले.

"म्याच धुतलं जी. लय बदबू येत होती."

मॅडमनी हातमोजे काढले, त्या टेबलामागून उठल्या आणि अब्बांच्या शेजारी बाकावर येऊन बसल्या. "तुमी मायेनं केलं, त्यात काई वाईट नाई," त्या म्हणाल्या. "पन त्या वासाच्या पान्यानं मास सडत नाई. रातभर ते त्याच्याबिगर राह्यलं. आता यातून जेवढं समजते तेवढं मी पाहीन."

"मंग मिट्टी देता येईन ना?"

"येईन ना. मले लागते तेवढं घेईन, बाकीचं सगळं वापस देईन. याच कापडात."

आणि त्यांनी दिलेही. तेच कापड, व्यवस्थित घडी घालून. अब्बांनी त्या दिवशी अनसिंगच्या कब्रस्तानात जाऊन मिट्टी दिली. एवढा मोठा घोटाळा करूनही आपल्याला कोणी रागावले नाही, हे त्यांना ते घेऊन गावी परतताना एसटीत कळले आणि ते रडले.

मॅडम मूळच्या इंझोरीच्या. आईवडील शेतमजूर. घराण्याने छपन्न साली बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा मॅडम लहान होत्या. त्या दिवशीचे आठवते ते फक्त आईने नेसलेले पांढरे लुगडे, असे त्या सांगतात. नागपुरात डॉक्टर होऊन त्या जिल्ह्यात परतल्या तेव्हा त्यांना साधा दवाखाना काढायचा होता. काढलाही. पण आडनाव ऐकून पायरीवरूनच परत फिरणारी माणसे त्या काळी पुष्कळ होती. मॅडमनी फारशी चिडचिड न करता पुन्हा पुस्तके उघडली आणि पॅथॉलॉजी घेतली. "काचेवरचं मास मले माझी जात विचारत नाई," असे त्या एकदा हसत म्हणाल्या होत्या. मला मात्र हसू आले नव्हते.

कॅन्सरच्या उपचारात लॅबचे काम काय, हे या ग्रंथाच्या सर्वसामान्य वाचकांसाठी सांगितले पाहिजे. ऑपरेशन करणारे डॉक्टर रोग्याला दिसतात, औषध देणारे दिसतात. पण गाठ कॅन्सरची आहे की साधी, असेल तर कोणत्या जातीची, कुठल्या औषधाला दाद देईल, हे सगळे मायक्रोस्कोपमागे बसलेला माणूस ठरवतो. त्याचे तोंड रोग्याने बहुधा पाहिलेलेही नसते. मॅडमच्या आसपास हे काम करणारे दुसरे कोणी नव्हते. मोठ्या शहरात शंका आली की पॅथॉलॉजिस्ट मांसाचा पातळ काप लावलेली काच उचलून शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याकडे जातो. मॅडमना शेजारची खोली नव्हती. म्हणून त्यांनी स्वतःच एक पद्धत बसवली. सकाळी पाहिलेल्या काचांवरच्या नावानंबरांवर त्या कागदाची पट्टी चिकटवायच्या, काचा पिसून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, जणू कोणा परक्याने मत विचारायला पाठवल्या आहेत अशा, नव्याने पाहायच्या. दोन्ही मते जुळली तरच सही. जुळली नाहीत तर काच नागपूरला जायची आणि डॉक्टरांचे "अजून किती दिवस?" असे वैतागाचे फोन मॅडम ऐकून घ्यायच्या.

अम्मीच्या बाबतीत असाच फोन आला. तिची गाठ शरीरातल्या हार्मोनवर पोसली जाते का, याची एक तपासणी असते. पोसली जात असेल तर रोजच्या गोळीने ती बरीच वर्षे आवरता येते. अब्बांनी धुतलेल्या भागावर ती तपासणी केली तेव्हा उत्तर 'नाही' आले. सर्जनना रिपोर्ट हवा होता. मॅडमनी सही केली नाही. "खराब झालेलं मास 'नाही'च म्हणणार. ते उत्तर त्यांच्या गाठीचं नाही, त्या रात्रीचं आहे," असे त्यांनी फोनवर सांगितलेले मी बाकावर बसून ऐकले.

ऑपरेशनच्या आधी सुईने घेतलेला एक नमुना मॅडमकडे होता. दोऱ्याच्या तुकड्याएवढा. पण तो घेतल्याबरोबर फॉर्मलिनमध्ये पडला होता आणि नंतर मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवून ठेवला होता. असा ठोकळा वर्षानुवर्षे टिकतो. त्याचे अगदी पातळ काप काढून मॅडमनी तपासणी पुन्हा करवून घेतली. उत्तर 'हो' आले. अम्मीला गोळी सुरू झाली आणि मला माझी अम्मी आणखी काही वर्षे मिळाली. माझे लग्न तिने पाहिले. माझ्या मुलीची पहिली झबली तिने स्वतः शिवली, अब्बांना मशीनवरून उठवून.

सर्जनना खात्रीसाठी तीच तपासणी आणखी एकदा हवी होती. मॅडमनी नकार दिला. जे विचारायचे होते त्याचे उत्तर मिळाले, आता उरलेले कापायचे नाही, असे त्यांचे म्हणणे. उद्या एखादा असा प्रश्न निघेल जो आज आपल्याला विचारताही येत नाही. तेव्हा विचारायला काही शिल्लक पाहिजे. यावरून त्यांना हेकट ठरवले गेले. मॅडमनी अब्बांना बोलावून तो ठोकळा दाखवला. "एवढंसं माझ्यापाशी राह्यलं, मास्टर. तुमच्या मानसाचं हाय. ठेवू का?"

अब्बांनी तो हातात घेऊन पाहिला. "अमानत समजून ठेवा. मांगीन तवा द्या."

"देईन," मॅडम म्हणाल्या.

पदवी झाल्यावर मी त्यांच्याच लॅबमध्ये कामाला लागले. मॅडम लॅबच्या वरच्या मजल्यावर राहतात. लग्न केले नाही. बोलायला त्या मोकळ्या, चहाच्या शौकीन आणि चेष्टा करण्यात पटाईत. माझ्या गोल अक्षराला त्या जिलेब्या म्हणत. तरीही त्यांच्याइतके एकटे माणूस मी पाहिलेले नाही. ते एकटेपण घरात कोणी नाही या जातीचे नव्हते. एकदा आम्ही दोघी बाजारात भाजी घेत होतो. समोरच्या गाडीवर एक शिक्षक वांग्यांच्या भावावरून भाजीवाल्याची थट्टा करत होते. मॅडमना पाहून त्यांनी हात जोडले, "काय म्हनता मॅडम, तब्येत बरी ना?" असे विचारले. त्यांची काच त्याच दुपारी दुसऱ्यांदा पाहून मॅडमनी कॅन्सरच्या रिपोर्टवर सही केली होती. त्यांचे डॉक्टर त्यांना दुसऱ्या दिवशी सांगणार होते. मॅडमनी तब्येत बरी असल्याचे सांगितले, पिशवी तशीच रिकामी घेतली आणि घरी निघाल्या. पुढे महिनाभरात तेच शिक्षक मॅडमना पाहून रस्ता बदलू लागले. त्यांचाही दोष नाही. ज्या घरातून वाईट बातमी निघते त्या घराकडे कोण बघेल? मॅडम हे कधी बोलून दाखवत नसत. मी विचारले तेव्हा एवढेच म्हणाल्या, "त्याईले बरं वाटते ना तिकडून गेल्यानं, मंग जाऊ दे."

मला जनुकांच्या तपासण्या शिकायला नागपूरला मॅडमनीच पाठवले. मी जायला तयार नव्हते. इतक्या वर्षांनी त्यांना एक दुसरी नजर मिळाली होती आणि तीच मी काढून नेणार होते. "इथं काच वाचता येते," त्या म्हणाल्या, "पेशीच्या आतलं वाचायचं असलं तं तुले जावं लागीन. मले सोबत पायजे म्हनून तू इथं राह्यलीस, तं मले ते खपनार नाई." गेल्यावर पहिल्या आठवड्यात मी फोन करून लॅब कशी चालली आहे ते विचारले. "चांगली चालली. दोघी आहोत ना आमी, सकाळची विमल आन् दुपारची विमल. कधी कधी पटत नाई आमचं." मी हसले. फोन ठेवल्यावर वसतिगृहाच्या जिन्यावर बराच वेळ बसून राहिले.

अम्मी गेली तेव्हा मॅडम अनसिंगला आल्या. बायकांच्या घोळक्यात भिंतीला टेकून बसल्या. जरा वेळाने आत जाऊन मोरीवर चहाचे कप विसळू लागल्या. माझ्या फुफूने, अब्बांच्या बहिणीने, कानात विचारले, "ये कौन है?" मी उठून मॅडमच्या शेजारी कप पुसायला बसले.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला तो सांगते.

माझी नानी पोटात पाणी होऊन गेली, तेही बहुधा कॅन्सरचेच. खाला, अम्मीची बहीण, अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. मग अम्मी. तिघीही पन्नाशी न गाठता. कुठल्याही घरात एवढे घडले की आम्हा जनुकवाल्यांच्या डोक्यात घंटा वाजते. काही घराण्यांत एका विशिष्ट जनुकात बिघाड असतो आणि तो आईकडून किंवा बापाकडून मुलांत उतरतो. ज्यांच्यात उतरतो त्यांना असे कॅन्सर होण्याचा धोका खूप वाढतो. लोकांना हे समजावून सांगणे हाच आता नागपुरात माझा रोजचा धंदा. अम्मीच्या वयाजवळ पोहोचले तेव्हा मी स्वतःचे रक्त तपासले. बिघाड सापडला नाही.

हे अर्धेच उत्तर होते. अम्मीत असा बिघाड होता आणि तो माझ्यात आला नाही, असे असेल तर मी सुटले. पण अम्मीचा रोग आमच्या तपासणीला न सापडणाऱ्या वेगळ्याच कारणाचा असेल, तर ते कारण माझ्यातही असू शकते. अम्मीकडचे कोणी जिवंत उरले नव्हते. धुतलेल्या भागाच्या ठोकळ्यांत वाचण्याजोगे काही नव्हते. जगात अम्मीचे धड असे काही शिल्लक असेल तर ते मॅडमच्या कपाटातल्या मेणात. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "परवा मास्टर येऊन गेले, नाहिद. थकले आता ते. हातपाय चालतात तोवर अमानत अम्मीच्या कबरीपाशी पोचवायची, म्हनत होते."

अब्बांनी मला सांगितले नव्हते. मी त्यांना माझ्या तपासणीचे सांगितले नव्हते. दोघांनाही एकमेकांना घाबरवायचे नव्हते.

मॅडमनी ठोकळा कापला असता तर अब्बांना कळलेही नसते. मेणात काय आहे आणि काय नाही हे त्यांना कुठे दिसणार? माझ्या मनात हा विचार येऊन गेला. मॅडमच्या मनात तो आला नसावा. त्या एसटीने अनसिंगला आल्या, मला नागपूरहून बोलावून घेतले, आणि दुकानातल्या कापड बेतायच्या टेबलावर त्यांनी तो ठोकळा ठेवला.

"तुमची अमानत, मास्टर. मी आनली. आता मी सांगते ते आयका आन् मंग ठरवा. तुमी नाई म्हनलं तरी मी हे इथंच ठेवून जाईन."

मग त्यांनी अब्बांना त्यांच्याच धंद्यातले उदाहरण दिले. कागदाच्या फर्म्याला एक जागी चीर गेली की त्या फर्म्यावर बेतलेल्या कपड्यातही ती उतरते. अम्मीच्या फर्म्यात चीर होती का आणि कुठे होती ते कळले, तर पोरीच्या फर्म्यात नेमकी तीच जागा पाहता येईल. अब्बा मशीनच्या चाकावर हात ठेवून ऐकत होते.

"सगळंच लागीन?"

"सगळंच. बारीकसं हाय ते. काई उरनार नाई."

"मिट्टी द्याले काईच नाई?"

"नाई, मास्टर."

अब्बांनी माझ्याकडे पाहिले. "तुले जानून घ्याचं हाय, बेटा?"

मी हो म्हणाले.

"तिले पुसलं असतं तं तिनं काय म्हनलं असतं ते मले मालूम हाय," अब्बा म्हणाले. "माय हाय ना ती." त्यांनी ठोकळा उचलला, थोडा वेळ मुठीत धरला आणि मॅडमच्या हातावर ठेवला.

शेवटचे काप मॅडमनी स्वतः काढले. हात आता थरथरतो, म्हणून त्यांनी कोपर टेबलाला टेकवले होते. मेणाचे काप कोमट पाण्यावर तरंगतात. एकेक काप उचलून काचेवर घ्यावा लागतो. त्यांनी एकही वाया जाऊ दिला नाही. मी शेजारी उभी होते आणि ती बाई माझ्या आईचे उरलेसुरले काचेवर उतरवत होती. नंतर रिकामे मेण घेऊन त्या पुन्हा अब्बांकडे गेल्या आणि यात आता काही नाही हे त्यांनी स्वच्छ सांगितले. अब्बांनी ते उलटसुलट करून पाहिले. "मंग नुसतं मेनच हाय. ते कायले पुरायचं," म्हणाले आणि परत दिले.

अम्मीत बिघाड सापडला. गाठीतही आणि शेजारच्या निरोगी पेशींतही, म्हणजे जन्मापासूनचा. माझ्यात तो नाही. माझ्याकडून माझ्या मुलीला तो जाऊ शकत नाही.

मला आनंद झाला. खोटे कशाला बोलू, खूप झाला. अब्बांना सांगितले, ते जमिनीला कपाळ टेकवून सजद्यात गेले. घरी सगळे हसले, रडले, मिठाई आली. आणि त्या सगळ्यात मला एकदम फार परके वाटू लागले. नानी, खाला, अम्मी यांना बांधणारे जे काही होते, ते वाईट का असेना, त्यात मी नव्हते. त्या तिघी एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला एकटी. हे सांगणार कोणाला? हातात जीव परत मिळालेल्या बाईने असे बोलू नये. मी मॅडमना फोन करून निकाल सांगितला. त्यांनी अभिनंदन केले नाही.

"एकटं वाटून राह्यलं का?" त्यांनी विचारले.

मी हो म्हणाले आणि तेव्हा कुठे मला रडू फुटले. मॅडम फोन धरून थांबल्या. मग म्हणाल्या, "ये इकडं. दोन दिवस राहा. मले सवय हाय त्याची, तुले शिकवीन."

मॅडम पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांना दीर्घायुष्य लाभो असे या ग्रंथात सगळेच लिहितील आणि मनापासून लिहितील. माझी मागणी थोडी स्वार्थी आहे. आमच्या घरात मी कुठल्याही बाईचे केस पिकलेले पाहिले नाहीत. गुडघे धरून जिना कसा चढतात, कपाळावरचा चष्मा घरभर कसा शोधतात, थकलेल्या हाताने काम कसे पुरे करतात, यातले काहीच मी नानीकडून, अम्मीकडून पाहून शिकू शकले नाही. म्हातारपण आपल्यासाठी नाहीच असे धरून मी आजवर जगले. आता ते मला येणार आहे म्हणे. मॅडम, शंभरी गाठा. मला म्हातारे व्हायचे आहे आणि ते कसे व्हायचे हे पाहायला तुमच्याशिवाय माझे कोणी नाही.